आईसमोर दादाचं नाव काढायचं की नाही?

मागच्या पावसाळ्यात जेल रोडच्या एक ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या, चाळिशीतल्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय). त्यांचा दादा १९९९ ला कारगिलच्या लढाईत शहीद झाला, तोफखान्यात होता, ट्रेनिंगपण इथंच नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला झालेलं. त्यांचं म्हणणं, "मॅडम, आई चौऱ्याहत्तरची झाली, तिच्यासमोर दादाचा विषय काढला तर तिला त्रास होईल ना? आम्ही इतकी वर्षं काढलाच नाही."

हा प्रश्न मला फौजी नसलेल्या घरांतूनही सारखा येतो.

दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, या ताईंकडे लोक येतात, शाल-श्रीफळ, हार, भाषण, आणि बाकी वर्षभर घरात त्याचं नाव नाही. युनिटकडून आलेली त्याची काळी ट्रंक माळ्यावर. ताई तेव्हा चौदा वर्षांच्या, त्यांना दादा आठवायचा म्हणजे तिरंग्यातली शवपेटीच आठवायची, बंदुकांची सलामी, आणि कब्रस्तानात (घर ख्रिस्ती आहे) खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं ते काका लोक बादल्यांनी उपसत होते. त्याचा आवाज कसा होता हेच आठवत नाही म्हणून रडल्या.

६५, ७१ च्या लढाईत बहुतेकांचे अंत्यविधी आघाडीजवळच व्हायचे, घरी फक्त सामान यायचं. कारगिलला ५२७ जवान शहीद झाले आणि बहुतेकांचं पार्थिव घरी आणलं गेलं, पण पेटी प्रत्येक ठिकाणी उघडता आली असं नाही. इथंही नाही उघडली. चेहरा बघितला नाही की मन मानायला फार वेळ लागतो.

पुढच्या वेळी आईंना घेऊन आल्या. मी फक्त विचारलं, लहानपणी कसा होता? आई पाऊण तास बोलल्या! शेपूची भाजी केली की उपाशी झोपायचा, गल्लीच्या तोंडाशी आला की शिट्टी वाजवायचा म्हणजे चहा टाकायचा. ताई नुसत्या बघत राहिल्या. मग आई म्हणल्या, "मी विणलेला स्वेटर त्याच्या अंगात होता का, एवढंच मला कळलं नाही, कुणाला विचारू?" म्हणजे बाई रोज त्याच्याजवळच होती, एकटी.

ट्रंक उघडायची का हे मी आईंनाच ठरवू दिलं. घरी उघडली तर स्वेटर आतच, घडी घातलेला. "मग थंडीतच होता की गं," म्हणून आई खूप रडल्या. ताईंचा फोन आला तेव्हा मला खरंच वाटलं आपण घाई केली. पण त्या रात्री दोघी पहिल्यांदा एकत्र रडल्या, ताईंनी सांगितलं की आर्मीचे कोट जाड असतात आई, आणि दोघी तिथंच ट्रंकेजवळ झोपल्या.

तर विषय काढा, हळूच काढा, नको म्हणाले तर थांबा. रडणं म्हणजे बिघडणं नाही. मात्र सहा महिने उलटूनही जेवण, झोप, रोजची कामं सगळं ठप्प असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला जरूर भेटा, आयसीडी ११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) लांबलेल्या शोकाचं निदान वेगळं दिलेलं आहे.

परवा ताईंचा मेसेज आला. शेपू केली होती, आई म्हणाली, आज हा उपाशी झोपला असता.