मोठ्या मुलाला ऑटिझम आहे. पाच महिन्यांची धाकटी आमच्यापेक्षा पंख्याकडेच जास्त बघते. एमआरआय करून आत्ताच कळेल का?

ताई, नाही. एमआरआयवर पैसे घालवू नका. इतक्या लहान बाळाचं स्कॅन बघून ऑटिझमबद्दल खात्रीनं सांगेल अशी तपासणी आज कुठल्याच दवाखान्यात होत नाही.

तुमच्या वाचनात बहुधा २०१७ चं ‘नेचर’मधलं अमेरिकेतलं संशोधन आलं असावं. ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा बाळांचे झोपेत एमआरआय काढले होते. पुढे ज्यांचं निदान झालं, त्यांच्या मेंदूच्या वरच्या थराचं क्षेत्रफळ सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान जास्त वेगानं वाढलं होतं आणि दुसऱ्या वर्षात मेंदूचा एकूण आकारही. काम मोलाचं आहे, पण ते संशोधनापुरतं. त्यातून एकट्या तुमच्या मुलीबद्दल कुणी काही सांगू शकणार नाही.

आता पंख्याचं. मी इथे कोल्हापुरात लहान मुलांची स्पीच थेरपी करते आणि ही काळजी बऱ्याच आयांच्या तोंडून ऐकते. हलणारं, उजेड-सावलीचं काहीही या वयाच्या बाळांना खेचून घेतं. पाळण्यावरचं चिमणाळं आपण त्यासाठीच तर बांधतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाची नजर एका जागी अडकते, ती सोडवून दुसरीकडे नेणं त्याला चौथ्या महिन्याच्या आसपास जमू लागतं. पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या काही बाळांना सातव्या महिन्यात नजर वळवायला किंचित जास्त वेळ लागतो असं दिसलंय, पण हा फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा. तो यंत्रालाच कळतो, घरात बसून कुणाला दिसणार नाही.

एका दिवसाच्या नजरेपेक्षा ती कुठल्या दिशेनं बदलते ते महत्त्वाचं. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पुढे निदान झालेली बाळं दुसऱ्या महिन्यात इतरांसारखीच समोरच्याच्या डोळ्यांत बघत होती. मग सहाव्या महिन्यापर्यंत ते बघणं हळूहळू कमी होत गेलं. अभ्यास थोड्याच बाळांचा होता, तरी मला त्यातून मोठा धीर येतो, कारण सुरुवातीला काहीतरी शाबूत असतं आणि त्याला धरून काम करता येतं.

धोका मात्र लपवणार नाही. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक. म्हणून निदानाची वाट न बघता आत्तापासून खेळा. तिला मांडीवर समोरासमोर घ्या, पंखा तिच्या नजरेआड ठेवा. ती ज्याकडे बघते त्याबद्दलच बोला, मग थांबा आणि तिच्या ‘आऽऽ’ची वाट बघा. हे थांबणंच आपण विसरतो. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीची लक्षणं दिसणाऱ्या ९ ते १४ महिन्यांच्या बाळांच्या आईवडिलांना त्यांच्याच खेळण्याचे व्हिडिओ दाखवून बाळाचे इशारे ओळखायला शिकवलं होतं. तिसऱ्या वर्षी त्या गटात निदानाच्या निकषांत बसणारी मुलं शंभरात सुमारे ७, हे न शिकवलेल्या दुसऱ्या गटात सुमारे २०. औषधानं असं काही होत नाही.

नवव्या महिन्यात हाकेला वळत नसेल, वर्षाची होऊनही हातवारे, बडबड नसेल, किंवा आलेली गोष्ट कधीही गेली, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा आणि नीट ऐकू येतं का ते बघणारी कानाची बेरा तपासणी करून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चौकशी करा. काही नसलं तरी अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात ऑटिझमची चाळणी तपासणी हवीच. घरात कुणी ‘तिचा बा बी उशिराच बोलाय लागला हुता’ म्हणेल. आज्जी जोतिबाला नवस बोलून आल्या तर येऊ द्या, पण त्यासाठी तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.

मोठ्याच्या वेळी मोबाईल दिला म्हणून हे झालं का, हेही तुम्ही विचारलंय. नाही, ताई. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो असं एकेकाळी डॉक्टरच म्हणायचे आणि त्यापायी कितीतरी आया आयुष्यभर झुरल्या. ते साफ खोटं ठरलंय. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि मेंदूची घडण जन्माआधीच सुरू झालेली असते.

दर महिन्याला तुमच्या दोघींच्या खेळाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना बदल त्यातूनच दिसेल. फोन तिच्या नजरेत येणार नाही असा बाजूला कुणालातरी धरायला सांगा, नाहीतर ती फोनकडेच बघत राहील.