नाशिकच्या खेळाबद्दल आपलेपणाने लिहिणं आणि नुसती रड यात फरक काय?

आपलेपणा असतोच, तो लपवायची गरज नाही. मी बघतो ते एवढंच की लिहिणारा शेवटपर्यंत मैदानावर थांबला होता का.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो रोइंगमध्ये, म्हणजे वल्हवत नाव पळवण्याच्या शर्यतीत, १३वा आला. रडका लेख म्हणेल, ‘आपल्या पोराला कुणी विचारत नाही, सगळं मुंबई-पुण्याला.’ (यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही.) चांगला बातमीदार १३वा म्हणजे नेमकं काय ते उलगडून सांगेल: उपांत्यपूर्व शर्यतीत तो चौथा आला, पुढे जाणार होते पहिले तिघं. मग क गटाची अंतिम शर्यत, म्हणजे १३ ते १८ क्रमांक ठरवणारी, त्याने जिंकली, म्हणून एकूण तेरावा. इथे वाचकाला स्वतःच हळहळ वाटते, लेखकाला गळा काढावा लागत नाही.

रणजी सामन्याला गोल्फ क्लबवर, म्हणजे अनंत कान्हेरे मैदानावर, माझ्या शेजारचे काका प्रत्येक पायचीतला ‘अंपायर विकला गेला’ म्हणत होते. आम्ही बसलो होतो पॉइंटच्या बाजूला, म्हणजे खेळपट्टीला आडवे! तिथून चेंडूची रेषा काय दिसणार? दुसऱ्या दिवशी एका वार्तांकनात जवळपास तेच वाक्य छापून आलेलं. समोरच्या गोलंदाजाने पकडलेल्या टप्प्याबद्दल अवाक्षर नाही.

प्रतिस्पर्ध्याचं नाव आणि त्याचा चांगला खेळ लेखात सापडला, की मी पुढे वाचतो.