वाचकांचे प्रश्न : रेडिओवरची सही

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला. लाकडी पेटी आहे, काचेच्या पट्टीवर स्टेशनांची नावे आहेत आणि समोर ‘जी. मार्कोनी’ अशी तिरकी सही आहे. ज्याने रेडिओचा शोध लावला त्याच्याच कारखान्यात हा तयार झाला, असे सासरे सांगत. मुलगा म्हणतो की मार्कोनी इटलीचा होता, पण रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर इंग्लंड छापलेले आहे. खरे काय समजावे?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : सही मार्कोनीचीच आहे आणि छापलेला देशही बरोबर आहे, परंतु आपला रेडिओ मार्कोनीच्या स्वतःच्या कारखान्यात झालेला नसावा. हे कसे घडले ते समजण्यासाठी त्याच्या कंपनीचा इतिहास थोडा मुळापासून पाहावा लागेल.

गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील इटालियन जमीनदार होते, तर आई अॅनी जेम्सन ही आयर्लंडमधल्या प्रसिद्ध मद्यउत्पादक घराण्यातली होती. हे मातुल घराणे पुढच्या सगळ्या हकिगतीत महत्त्वाचे ठरले. बोलोन्याजवळच्या आपल्या वाड्यात मार्कोनीने विसाव्या-एकविसाव्या वर्षी प्रयोग आरंभले. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय लहरी तोवर प्रयोगशाळेच्या टेबलापुरत्याच होत्या. मार्कोनीने प्रक्षेपकाचे एक टोक उंच तारेला आणि दुसरे जमिनीला जोडले, तेव्हा तोच संदेश टेकडी ओलांडून सुमारे दोन किलोमीटरवर पोहोचला. एरियल आणि अर्थ या आपल्या घरोघरच्या शब्दांची जोडी इथून व्यवहारात आली.

फेब्रुवारी १८९६ मध्ये तो आईबरोबर लंडनला गेला. त्या वेळी जगातील सर्वांत मोठे व्यापारी आरमार इंग्लंडचे होते, आणि किनारा सोडून गेलेल्या जहाजाशी बोलण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता. ज्या यंत्राला तार लागत नाही, त्याचे खरे गिऱ्हाईक समुद्रावर आहे, हे या बावीस वर्षांच्या तरुणाने ओळखले, आणि माझ्या मते त्याची खरी प्रतिभा यातच आहे. २ जून १८९६ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला प्रयोगांची संधी दिली आणि मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश पलीकडे गेला. लगेच २० जुलै १८९७ रोजी आईकडचा नातलग हेन्री जेम्सन डेव्हिस याच्या पुढाकाराने, एक लाख पौंडांच्या भांडवलावर, कंपनी उभी राहिली. परक्या देशात नुकत्याच आलेल्या मुलाला एवढे भांडवल सहसा मिळत नाही. त्याच्यामागे आजोळ उभे होते.

डिसेंबर १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या चेम्सफर्ड गावातल्या हॉल स्ट्रीटवर, पूर्वी रेशमाची गिरणी असलेल्या इमारतीत, कंपनीने कारखाना काढला. बिनतारी यंत्रांचा जगातला पहिला कारखाना म्हणून तो ओळखला जातो. तेथे घरगुती रेडिओ होत नसत, कारण ऐकण्यासारखे प्रक्षेपणच अद्याप जन्मले नव्हते. तेथे ठिणगीवर चालणारे प्रक्षेपक होत, आणि धातूचा कीस भरलेल्या काचेच्या नळ्या होत. लहर येताच तो कीस एकमेकांना चिकटून विजेला वाट देई, कागदाच्या पट्टीवर टिंब किंवा रेघ उमटे, आणि मग एक छोटी हातोडी नळीवर टकटक करून कीस पुन्हा सुटा करी. अशाच ठिणगीच्या प्रक्षेपकाच्या बळावर १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या टोकावरील पोल्डू येथून निघालेले ‘एस’ हे अक्षर अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचे मार्कोनीने जाहीर केले.

कंपनीचा व्यवहार मात्र कठोर होता. ती जहाजांना यंत्र विकत नसे, तर यंत्र भाड्याने देई, त्यावर आपलाच नोकर बसवी, आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलण्यास त्या नोकराला मनाई करी. समुद्रावरील संकटात असा दुजाभाव अक्षम्य होता असे मला वाटते. इतर राष्ट्रांनाही तो मान्य नव्हता, म्हणूनच १९०३ आणि १९०६ मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. टायटॅनिकवरचे दोघे बिनतारी संदेशक याच कंपनीचे नोकर होते. त्यांच्या हाकेमुळे कार्पेथिया जहाज धावून आले आणि सातशेहून अधिक जीव वाचले. त्याच वर्षी, १९१२ मध्ये, चेम्सफर्डलाच न्यू स्ट्रीटवर मोठा कारखाना सुरू झाला.

आता आपल्या सहीकडे येऊ. १५ जून १९२० रोजी चेम्सफर्डहून गायिका नेली मेल्बा यांचे गाणे प्रक्षेपित झाले आणि घरी बसून ऐकण्याची कल्पना लोकांच्या मनात रुजली. १९२२ मध्ये बीबीसी स्थापन झाली, तीत मार्कोनीची कंपनीही एक भागीदार होती, आणि त्याच वर्षी ‘मार्कोनीफोन’ या नावाने घरगुती रेडिओ बाजारात आले. पण जहाजे, केंद्रे आणि सरकारे यांच्याशी व्यवहार करणाऱ्या कंपनीला दिवाणखान्याचा व्यापार फार काळ सांभाळता आला नाही. डिसेंबर १९२९ मध्ये तिने मार्कोनीफोन हा व्यवसाय ग्रामोफोन कंपनीला, म्हणजे कुत्र्याच्या चित्राच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’वाल्यांना, विकला, आणि त्याबरोबर घरगुती रेडिओवर ‘जी. मार्कोनी’ ही सही छापण्याचा हक्कही दिला. १९३१ मध्ये ग्रामोफोन आणि कोलंबिया या कंपन्या एक होऊन ईएमआय झाली. काचेच्या पट्टीवर स्टेशनांची नावे असलेला आपला रेडिओ त्यानंतरचाच, म्हणजे ईएमआयचा असणार. मागे हेज, मिडलसेक्स असा पत्ता आढळला तर शंका उरणार नाही. एकच आतला सांगाडा कधी कुत्र्याच्या चित्राने, तर कधी या सहीने विकला जाई.

मार्कोनी स्वतः अखेरपर्यंत इटलीचाच नागरिक राहिला. तो तेथे सिनेटर झाला, १९२३ मध्ये फॅसिस्ट पक्षात गेला, आणि त्याच्या चरित्रातला हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. २० जुलै १९३७ रोजी, म्हणजे कंपनीच्या स्थापनेला बरोबर चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, तो रोममध्ये निवर्तला. म्हणजे आपल्या मुलाचे म्हणणेही खरे आहे.

एक विनंती आहे. रेडिओ थेट प्लगला लावू नका. त्यातले कागदी कंडेन्सर एव्हाना खराब झालेले असतात आणि काही जुन्या संचांत आतल्या लोखंडी बैठकीलाच वीज लागते. व्हॉल्व्हचे काम जाणणाऱ्या कारागिराकडून आधी तपासून घ्यावा.

प्रश्न : या शोधाचे श्रेय खरे तर जगदीशचंद्र बसूंचे नव्हे का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : बसूंनी १८९५ मध्येच कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींचा प्रयोग लोकांसमोर केला होता, आणि १८९९ मध्ये पाऱ्याच्या ग्राहकाविषयीचा, म्हणजे लहरी टिपणाऱ्या साधनाविषयीचा, त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. १९०१ च्या अटलांटिक प्रयोगात मार्कोनीने वापरलेला ग्राहक लोखंड आणि पारा यांचाच होता, तेव्हा बसूंचे ऋण मान्य करायलाच हवे. पण बसूंना लहरींचे स्वरूप जाणून घ्यायचे होते, संदेशांचा धंदा करायचा नव्हता. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांना विभागून मिळाले, त्यात बसूंचे नाव नाही, याची रुखरुख मलाही आहे.

प्रश्न : या कंपनीचे काही काम आपल्याकडे झाले होते का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : होय, आणि तेही पुण्याजवळ. लहरी एकाच दिशेला झोतासारख्या सोडण्याची मार्कोनी कंपनीची शॉर्टवेव्ह पद्धत, जिला बीम म्हणत, तिच्यावर इंग्लंड-हिंदुस्थान सेवा १९२७ मध्ये सुरू झाली. प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. समुद्राखालच्या तारांपेक्षा हे काम इतके स्वस्तात होऊ लागले की तारकंपन्या हादरल्या, आणि १९२९ मध्ये दोन्ही सेवा एकत्र कराव्या लागल्या. इंदूरहून पुण्याला जाणारी गाडी खडकीवरून जाते, आपली झेलम दौंडमार्गे. पुढच्या प्रवासात लक्षात ठेवावे.