भरलेला पाय, रिकामा पाय

“पुन्हा पडले तर?” हा प्रश्न सिंगापूरमधील माझ्या समुपदेशन कक्षात इतक्या वेळा विचारला जातो की त्याविषयी एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. मुलांकडे राहायला आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांच्या मनात तो असतो आणि त्यांच्या मुलांच्या मनात तर त्याहून अधिक असतो.

एका काकूंची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काकू मूळच्या कोकणातल्या. न्हाणीघरात घसरून पडल्या, पण हाड मोडले नाही. रक्तदाब, डोळे, हाडे, चालू असलेली औषधे, सारे पाहून डॉक्टरांनी चालण्यास हरकत नसल्याचे सांगितले, तरीही चार महिने त्या भिंत धरूनच चालत होत्या. “आई, तू उठू नकोस, मी देतो,” हे मुलाचे वाक्य प्रेमाचे होते, परंतु त्यामुळे त्यांचे पाय अधिकच दुबळे होत होते.

सुरुवातीच्या भेटींत आम्ही भीतीविषयी पुष्कळ बोललो आणि काहीच बदलले नाही. मग एके दिवशी मी त्यांचे दारापासून खुर्चीपर्यंतचे चालणे लक्षपूर्वक पाहिले. नजर जमिनीवर, खांदे वर ओढलेले, श्वास रोखलेला, पावले फरफटत टाकलेली. भीती त्यांच्या विचारांत जेवढी होती, त्याहून अधिक घोट्यांत आणि श्वासात बसली होती. असे आखडलेले शरीर तोल सावरू शकत नाही, म्हणजे पडण्याची भीतीच पडण्याला वाट करून देते. शरीराने धरलेली भीती शरीराकडूनच सोडवून घ्यावी लागते, हे माझे मत त्या दिवशी अधिक पक्के झाले.

त्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चिनी ज्येष्ठ मंडळी रोज सकाळी ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा पारंपरिक चिनी व्यायाम, करत असत. आठवडाभर ते नुसते पाहा, एवढेच मी काकूंना सांगितले.

“काय दिसलं, काकू?”

“अगं, ती माणसं पाऊल टाकतात, पण लगेच भार देत नाहीत. आधी चाचपतात.”

ज्या पायावर भार तो ‘भरलेला’ आणि दुसरा ‘रिकामा’, असे ताई चीच्या परंपरेत म्हणतात, हे मी त्यांना सांगितले. काकू बराच वेळ गप्प राहिल्या.

“लावणीच्या वेळी चिखलात आम्ही असंच चालायचो. पाय किती रुतणार, ते आधी पावलालाच कळायचं.”

एवढे बोलून त्या उठल्या, खुर्चीचा हात सोडला आणि सावकाश एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेला. रोखलेला श्वास सुटला, तो मला स्पष्ट ऐकू आला. त्यांना जे येत होते तेच त्यांच्या हाती परत देता आले, याचे समाधान मला आजही आहे.

अमेरिकेतील अटलांटा येथे झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तरी गाठलेले २०० जण होते. १५ आठवडे ताई ची शिकलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका सुमारे ४७ टक्क्यांनी घटला आणि पडण्याची भीतीही कमी झाली. गुडघेदुखीत आणि कंपवाताच्या रुग्णांचा तोल सुधारण्यातही तिचा उपयोग दिसला आहे, मात्र ती औषधांची जागा घेत नाही. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, जाणत्या शिक्षकाकडे आठवड्यातून दोनदा तरी शिकावे, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये, जवळ खुर्ची ठेवावी आणि निदान तीन महिने धीर धरावा. मुलांनी आईला उठू द्यावे.

काकू आता त्या मंडळींत असतात. त्या खांबाजवळची जागा धरतात, पण खांबाला हात लावत नाहीत.