अमुंडसेन बर्फात कोणाकडे शिकला?

प्रश्न: मुलाच्या पुस्तकात आहे की दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला अमुंडसेन 'एस्किमोंकडून बर्फात जगायला शिकला'. पण अंटार्क्टिकात तर कोणी राहतच नाही ना, मग हे लोक त्याला भेटले कुठे? आणि शिकला काय, इग्लू बांधायला?

उत्तर: भेटले ते पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या उत्तर भागात. १९०३ ला तो 'ग्योआ' नावाच्या छोट्याशा जहाजातून निघाला आणि किंग विल्यम बेटाशी दोन हिवाळे मुक्काम ठोकला. तिथे नेत्सिलिक लोक राहायचे, पुस्तकातले 'एस्किमो' ते हेच. (मुलाला सांगा, कॅनडात आता एस्किमो कोणी म्हणत नाही, इन्यूट म्हणतात.) याच भागात साठेक वर्षांआधी फ्रँकलिन या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतली १२९ च्या १२९ माणसं दगावली होती, आणि हे लोक तिथेच पोराबाळांसकट राहत होते, म्हणजे विचारायचं कोणाला हे उघडच होतं, पण बरेच गोरे साहेब विचारायचे नाहीत.

माझ्या मते सगळ्यात मोठी शिकवणी घामाची. आपल्याला वाटतं थंडीत अंगाला घट्ट बसेल असं जाड काहीतरी घालावं, पण तसं घालून काम केलं की घाम येतो, कपडे ओले होतात, आणि थांबलात की तेच ओलं गोठतं. नेत्सिलिक लोकांचे कपडे कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे, दोन थर, आतल्याचे केस अंगाकडे आणि बाहेरच्याचे बाहेर, आणि सगळं ढगळ, म्हणजे हवा खेळती राहते. अमुंडसेनने सुया, सुऱ्या वगैरे देऊन ते कपडे घेतले आणि सरळ घालायला लागला.

दुसरी गोष्ट स्लेजची, म्हणजे बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाडीची. कडाक्याच्या थंडीत बर्फ वाळूसारखा होतो, गाडी सरकतच नाही. मग ते लोक तोंडात पाणी धरून कोमट करायचे, अस्वलाच्या कातडीच्या तुकड्यावर घ्यायचे आणि स्लेजच्या खालच्या पट्ट्यांवर फिरवायचे, की पातळ गुळगुळीत बर्फाचा थर तयार!

कुत्र्यांची गाडी हाकणंही तिथेच पक्कं झालं. स्की (पायाला बांधून बर्फावर घसरायच्या पट्ट्या) मात्र त्याची घरचीच, नॉर्वेचाच ना तो, त्यामुळे सगळंच श्रेय तिकडे देऊ नका. १४ डिसेंबर १९११ ला पाच जण ध्रुवावर पोचले, निघताना ५२ कुत्रे होते, परत आले ११, बाकीच्यांचं काय झालं ते मुलाला जरा मोठा झाला की सांगा.

आणि इग्लू म्हणाल तर बांधायला शिकला खरा, रोज सराव करून. पण ध्रुवाच्या वाटेवर झोपला तो तंबूतच.