एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्यांत खेळणाऱ्या छोट्या क्लबांच्या गावांची नावं कुठून आली?

थोडक्यात सांगायचं तर ज्यानं ते गाव वसवलं किंवा जिंकलं, त्याच्या भाषेतून. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेऱ्या सुरू होतात आणि यादीत व्हिटबी टाउन, कॉर्बी टाउन, क्लीथॉर्प्स टाउन अशी नावं दिसतात. शेवटी ‘बी’ आलं की बहुतेकदा ते नवव्या शतकापासून तिथे स्थायिक झालेल्या व्हायकिंगांचं (स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लढवय्यांचं) गाव समजावं. ‘थॉर्प’ म्हणजे मूळ गावापासून लांबची छोटी वस्ती, आपली वाडीच म्हणा ना.

माझं आवडतं उदाहरण चिचेस्टर सिटी. यातलं ‘चेस्टर’ लॅटिन ‘कास्त्रा’वरून, म्हणजे रोमन छावणी, आणि सुरुवातीचा ‘चिच’ सॅक्सन सरदार सिस्सा याच्या नावाचा, असं परंपरा सांगते. 2019 साली इंग्लिश फुटबॉल लीगमधून हकालपट्टी झालेल्या बरी या क्लबमुळे एक संघ कमी पडला आणि चिचेस्टरला न खेळताच दुसरी फेरी मिळाली. गंमत म्हणजे ‘बरी’ हे नावही ‘तटबंदीची जागा’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरूनच आलंय. पुढे ट्रॅनमियर क्लबनं चिचेस्टरला 5-1 धुतलं, ते सोडा.

पण सगळीच नावं गावांची नसतात हं. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचा क्लब ‘मरीन’ (हे क्रॉस्बीही ‘बी’वालंच!) चक्क एका हॉटेलच्या नावावर आहे. जानेवारी 2021 मध्ये तिसऱ्या फेरीत त्यांच्याकडे लंडनचा बडा क्लब टॉटनहॅम खेळायला आला. कोविडमुळे मैदान रिकामं, तरी 30 हजारांहून जास्त आभासी तिकिटं खपली. मॅच मात्र 0-5 हरले.