‘बाळ ठणठणीत असेल तर सुई कशाला?’

बाळंतपणाआधीच्या समुपदेशनात हा प्रश्न हल्ली फार येतो. सुई म्हणजे जन्मल्यावर मांडीत देतात ते ‘व्हिटॅमिन के’चं इंजेक्शन. ही लस नव्हे, पण बीसीजीच्या गडबडीत तिचीही गणना लसीतच होते.

प्राची (नावं बदलली आहेत) आठव्या महिन्यात माहेरी आली आणि नवऱ्याला, आईला घेऊन माझ्याकडे आली. निखिलच्या फोनवर नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज होता: या इंजेक्शनानं रक्ताचा कॅन्सर होतो, आणि डोस गरजेच्या शेकडो पट असतो. प्राचीच्या आईचं म्हणणं सरळ होतं. “आमच्या वेळी कुठं होतं हे? तीन लेकरं धडधाकट वाढली.”

मी निखिलला विचारलं, “तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते?”

“बहिणीच्या बाळंतपणात आम्हाला कुणी काही विचारलंच नाही, मॅडम. बाळ आत नेलं, आणि काय टोचलं ते बिलात वाचलं.”

त्याची चीड रास्त होती आणि तसं मी त्याला सांगितलं. औषध कितीही चांगलं असो, आईबापांना न सांगता ते देणं मला पटत नाही.

मग मेसेज घेतला. कॅन्सरची गोष्ट कुणी हवेतून काढलेली नाही. १९९२ साली ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या एका अभ्यासात इंजेक्शन आणि लहान मुलांचा कॅन्सर यांचा संबंध असावा असं दिसलं होतं. डॉक्टर मंडळींनी ते मनावर घेतलं आणि निरनिराळ्या देशांत पुन्हा तपासलं. एकट्या स्वीडनमध्ये १३ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. तो संबंध टिकला नाही. मेसेजमध्ये मात्र गोष्टीचा पहिला अर्धाच भाग फिरतो.

डोसचं गणित खरं आहे. तान्ह्या बाळाची रोजची गरज सुमारे २ मायक्रोग्रॅम, आणि इंजेक्शन १ मिलिग्रॅमचं, म्हणजे ५०० पट. पण तो एका दिवसाचा शिधा नसतो. औषध स्नायूत साठतं, हळूहळू रक्तात उतरतं आणि धोक्याचे पहिले महिने निभावून नेतं.

धोका कसला, हे प्राचीच्या आईला, म्हणजे काकूंनाही कळायला हवं होतं. रक्त गोठवणारे काही घटक तयार व्हायला ‘के’ लागतं. पोटात असताना ते वारेतून फार थोडं पोचतं, आणि ते बनवणारे आतड्यातले जिवाणू नवजात बाळात अजून रुजलेले नसतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काही बाळांना बेंबीतून किंवा शौचावाटे रक्त जातं. याहून वाईट प्रकार नंतरचा, दुसऱ्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत. ‘के’ न मिळालेल्या एक लाख बाळांत साधारण ४ ते ७ जणांना तो होतो. आकडा लहान आहे, निखिलही तेच म्हणाला. पण त्यातल्या जवळपास निम्म्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होतो. काही दगावतात, काहींना कायमचं अपंगत्व येतं. आणि ही बाळं आदल्या दिवसापर्यंत छान अंगावर पिणारी, अंग धरणारी असू शकतात. म्हणून ‘बघू, काही वाटलं तर देऊ’ असं इथे चालत नाही. काकूंना मी म्हटलं, “तुमची तिन्ही वाढली, कारण बहुतेक बाळांना हे होतच नाही. एखाद्या घरी झालं, तर बाळ आकडी येऊन गेलं एवढंच म्हणायचे.” त्यांनी मान हलवली. भावकीतलं एक बाळ त्यांना आठवलं असावं.

इतका वेळ गप्प असलेली प्राची तेव्हा बोलली. “अंगावर पिणारी बाळं म्हणालात. म्हणजे माझ्या दुधात कमी आहे?”

“शेपू, मेथी, सगळं खायला घालीन,” काकू लगेच म्हणाल्या.

या प्रश्नापाशी मी कधीच घाई करत नाही. इथे शब्द चुकला, तर बाईचा स्वतःच्या दुधावरचा विश्वास जातो आणि घरात पावडरचा डबा येतो. मी तिला सांगितलं की कुठल्याही आईच्या एक लिटर दुधात हे जीवनसत्त्व फक्त १ ते ४ मायक्रोग्रॅम असतं. उत्तम जेवणाऱ्या बाईच्याही. पालेभाज्या जरूर खा, पण रोजच्या जेवणानं हा आकडा बाळाला पुरेल इतका वाढत नाही. “तुमच्यात काही कमी नाही. सहा महिने फक्त तुमचंच दूध, आणि पहिल्या दिवशी ही एक सुई.” तिचे डोळे भरून आले होते. या कुटुंबात खरी चिंता तिची होती, आणि ती कुणाच्याच मेसेजमध्ये नव्हती.

निखिलनं थेंबांचं विचारलं. काही देशांत तोंडावाटे देतात, पण पुन्हापुन्हा द्यावे लागतात. शिवाय पित्तमार्गाचा दोष असलेल्या बाळांना ते नीट शोषताच येत नाहीत, आणि तो दोष जन्मतः ओळखू येत नाही. या सुईनं कावीळ होते, अशीही भीती काहींना असते. ती ‘व्हिटॅमिन के’च्या जुन्या ‘के-३’ प्रकाराची आहे. ‘के-१’ हा प्रकार द्या असं सांगता येतं.

समुपदेशकानं तटस्थ असावं म्हणतात. या बाबतीत मी नाही. “माझं मत द्यावं असंच आहे, ठरवायचं तुम्ही,” असं मी स्पष्ट म्हटलं. २०१४ पासून केंद्र सरकारच्या सूचनेतही दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला १ मिलिग्रॅम, एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर अर्धा, असंच आहे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं.

दोघांनी घरी बोलून होकार कळवला, आणि दोन अटी घातल्या: बाळाला आधी छातीशी देऊन पाजायला घ्यायचं, आणि टोचताना बाप शेजारी हवा. दोन्ही मान्य झाल्या. अंगावर पिताना टोचलं तर बाळाला कमी दुखतं, तेव्हा पहिली अट सगळ्यांनीच घालावी.

आईला फिट्सची किंवा टीबीची औषधं चालू असतील, घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. डिस्चार्ज कार्डावर ‘व्हिटॅमिन के’ची नोंद आहे का, हे घरी निघण्यापूर्वी आणि बाराव्या दिवशी कान टोचण्यापूर्वी बघा. बेंबीतून वा नाकातून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शी सरून पिवळी सुरू झाल्यावर पुन्हा काळी, पांढरंफटक अंग, सुस्ती, उलट्या, टाळू फुगणं, झटके, यातलं काहीही दिसलं तर इंजेक्शन दिलेलं असो वा नसो, त्याच क्षणी दवाखाना गाठा.